शेजारचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या माणसाला स्वतःला गाडी चालवायला मिळत नाही, ही गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. मास्तरांची सगळी नोकरी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून झाली होती. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, ॲक्सिलरेटर दुसऱ्याच्या पायाखाली, आणि मास्तरांच्या वाट्याला काय, तर पायाशी बसवलेला एक जादा ब्रेक आणि तोंडात एकच शब्द, 'सावकाश'. शिकणारा चुकला की मास्तर ब्रेक दाबायचे. चुकणार असं वाटलं तरी दाबायचे. आणि तो अगदी बरोबर चालवत असला, तर आता हा शेफारणार म्हणून दाबायचे. अर्ध्या शहराला त्यांनी लायसन्स मिळवून दिलं होतं, आणि ते अर्धं शहर चौकात कारण नसताना थांबतं, अशी उरलेल्या अर्ध्या शहराची तक्रार होती.

ही सवय पायात इतकी मुरली होती की पाय घरीसुद्धा गप्प बसायचा नाही. बायको काही सांगायला लागली आणि बोलणं अडचणीच्या विषयाकडे वळलं, की मास्तरांचा उजवा पाय हळूच फरशीवर दाबला जायचा. बायको पडदे शिवायची. मशीनवरून मान वर न करता ती म्हणायची, "ब्रेक सोडा, मला पुढं बोलायचंय." मास्तरांना वाटायचं, थट्टा करते आहे.

तर एक दिवस स्कूलच्या मालकाला नवी गाडी घ्यायची बुद्धी झाली आणि त्यानं जुनी भंगारात काढली. तिचा क्लच इतक्या जणांनी जाळला होता की नुसती सुरू केली तरी करपल्याचा वास सुटायचा. अंगभर पोचे पडलेले, आणि कुठला पोचा कोणाचा हे मास्तरांना तोंडपाठ. पुढच्या दारावरचा वकिलांचा. मागच्या बंपरवरचा नर्सबाईंचा, रिव्हर्स घेतानाचा. छपरावर पोचा कसा काय पडू शकतो हे कोणालाही सांगता आलं नसतं, पण तो होता आणि बँकेच्या मॅनेजरचा होता.

मास्तरांनी ती गाडी भंगाराच्या भावात विकत घेतली. कशाला, हे त्यांना स्वतःला नीट सांगता येईना. ते सांगायला त्यांचे साडू पुढं सरसावले.

साडूभाऊ, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी दुकानदारांच्या तराजूखाली वाकून बघण्यात गेली. निवृत्तीनंतर वाकून बघायला काही उरलं नाही, म्हणून ते टीव्हीवर मोटारींच्या शर्यती बघायला लागले आणि बघता बघता तज्ज्ञ झाले.

"मास्तर, हिची रेसची गाडी करू," ते म्हणाले. "इंजिनबिंजिन सोडा हो. शर्यत वजनावर जिंकतात."

शहराबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मैदानावर हौशी वेगप्रेमी मंडळ शर्यती भरवायचं. त्यात गरिबांसाठी म्हणून एक 'भंगार गट' होता. नियम असा की गाडी भंगाराच्या भावात घेतलेली असली पाहिजे. घेतल्यानंतर तिच्यावर किती उधळावं याबद्दल नियम काही बोलत नव्हता. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांची गाडी भंगारातलीच होती, म्हणजे तिचा पत्रा तेवढा भंगारातला होता, आतलं सगळं परदेशातून आलं होतं. शहरातल्या कितीतरी दाढांचे पैसे त्या गाडीच्या चाकांत फिरत होते. दुसरा नियम जोडीचा. गाडीत पूर्ण वेळ दोघांनी बसायचं आणि निम्मं निम्मं चालवायचं. एकट्यानं केली तर ती चैन, दोघांनी केली की खेळ, असं अध्यक्ष समजावून सांगत.

मास्तरांना शर्यत जिंकायची नव्हती. बायकोनं मैदानाच्या कडेला उभं राहावं आणि आपल्याला एकदा, एकदाच, सुसाट जाताना बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. 'सावकाश' म्हणणारा माणूस एवढीच आपली तिच्या मनातली ओळख राहणार, याची त्यांना खंत होती.

त्याला कारण होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मास्तर तिला गाडी शिकवायला घेऊन गेले होते. घरापासून पोस्टापर्यंतचा सरळ रस्ता. त्या रस्त्यावर मास्तरांनी इतक्या वेळा ब्रेक दाबला की पोस्टासमोर पोचल्यावर तिनं इंजिन बंद केलं, चावी काढली, मास्तरांच्या हातात ठेवली आणि चालत घरी गेली. भांडली नाही, रडली नाही. मशीनवर बसली आणि राहिलेला पडदा पूर्ण केला. त्यानंतर ती मास्तरांबरोबर कधी गाडीत बसली नाही. बाजारात बसनं, माहेरी बसनं, मुलीच्या सासरी बसनं. अख्ख्या शहराचे पोचे मास्तरांना पाठ होते, पण त्यांत घरच्या माणसाचा एकही नव्हता.

"करा की हौस," गाडी दारात आली तेव्हा ती म्हणाली. "मी मात्र बघायला येणार नाही. बसायला तर नाहीच नाही."

साडूभाऊंनी घरून वजनकाटा आणला, खात्यातून निरोपाला मिळालेला, आणि गाडीचं वस्त्रहरण सुरू झालं. आधी गालिचा निघाला. मग छताचं कापड, दारांची आतली आवरणं, हीटर, उन्हाची झापडं, राखदाणी. निघालेली प्रत्येक वस्तू काट्यावर चढायची आणि साडूभाऊंच्या चेहऱ्यावर तेज चढायचं. हॉर्न काढला. इंडिकेटर काढले. चावीचं कुलूपसुद्धा जड म्हणून काढून तिथं एक बटण बसवलं. आठवड्याभरात गाडी पोकळ झाली आणि घर भरलं. फ्रिजमागं दारांची आवरणं, पलंगाखाली हीटर, आणि बैठकीच्या खोलीत, सोफा बाहेर काढून, गाडीची मागची अख्खी सीट.

बायको खिडकीतून हे बघत होती. साडूभाऊ एक स्क्रू काट्यावर ठेवून, डोळे बारीक करून बघत असताना ती म्हणाली, "भाऊजी, सगळ्यात जड वस्तू तर बाहेर उभी राहून स्क्रू मोजतेय."

साडूभाऊंनी ऐकलं नाही. ज्यांच्या पोटाचा घेर मोठा असतो त्यांना असलं ऐकू येत नाही.

शेवटी गोष्ट शेजारच्या सीटपाशी आली. "हा जादा ब्रेक काढायचा," साडूभाऊंनी पाना उचलला. "बघा की केवढं लोखंड आहे!"

"त्याला हात लावू नका," मास्तर म्हणाले. "तो काढला तर मुख्य ब्रेक बिघडतो."

हे साफ खोटं होतं. एका सळईवर जोडलेलं पेडल ते, दोन बोल्ट सोडले की हातात आलं असतं. पण पायाशी ब्रेक नसलेल्या गाडीत आपण बसलोय, ही कल्पनाच मास्तरांना सहन होत नव्हती.

सरावाच्या दिवशी पहिल्यांदा मास्तर स्टिअरिंगसमोर बसले. मोकळं मैदान, समोर कोणी नाही, शेजारी साडूभाऊ 'मारा, मारा' म्हणून ओरडतायत. आणि मास्तरांचा पाय खाली जाईना. वळण आलं तेव्हा इंडिकेटर नाही म्हणून त्यांनी हात बाहेर काढून दाखवला. मागून आलेल्या दंतवैद्यांना त्यांनी गाडी कडेला घेऊन वाट दिली, वर हातानं 'या, या' केलं. त्यांना वेग हवा होता हे खरं, आणि वेगाची त्यांना भयंकर भीती वाटत होती हेही खरं. इतकी वर्षं ती भीती शिकणाऱ्यांच्या नावावर खपून गेली होती.

मग साडूभाऊ बसले. त्यांनी गाडी दामटली खरी, पण दर वळणाआधी ती आचका देऊन मंदावायची. फेरी संपवून साडूभाऊ उतरले ते लालबुंद होऊन. "ब्रेक धरतायत आपोआप! पायसुद्धा लावला नव्हता मी!"

मेकॅनिकनं गाडी उघडली, चालवून बघितली, काही बिघाड नाही म्हणाला. साडूभाऊंनी मेकॅनिक बदलला. दुसऱ्यानं ब्रेकचे लायनर बदलले, तेल बदललं, पाइप बदलले. परत मैदानावर नेली, परत तेच. साडूभाऊ, मास्तर आणि दोन मेकॅनिक गाडीभोवती उभे राहून दुखण्यावर चर्चा करत. मास्तर सगळ्यात जास्त बोलत. त्यांच्या मते दोष चाकाच्या ड्रममध्ये होता.

घरी जेवताना त्यांनी बायकोला हे सगळं सविस्तर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"तुम्ही दाबताय तो," ती म्हणाली.

"काहीतरीच! मी हाताची घडी घालून बसलेला असतो."

"हाताचं नाही बोलत मी."

मास्तर चिडले. गाडीतलं तुला काय कळतं, असंही बोलून गेले. तिनं ताटं उचलली, हात पुसत बाहेरच्या खोलीत आली आणि गाडीच्या मागच्या सीटवर बसली. "या, बसा इथं शेजारी. समजा ही गाडी आहे आणि मी चालवतेय." तिनं दोन्ही हात समोर धरले. "निघाले घरातून. कोपऱ्यावरचं झाड गेलं. आता पिठाची गिरणी. समोरून एक सायकलवाला येतोय."

मास्तर हसले.

"हसू नका. खाली बघा."

मास्तरांनी खाली बघितलं. त्यांचा उजवा पाय फरशीवर असा दाबला गेला होता की बोटं पांढरी पडली होती.

"सायकलवाला गेला," ती म्हणाली. "रस्ता मोकळा आहे."

पाय सुटला नाही. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले.

"पोस्टापर्यंत असंच चाललं होतं. मला वाटलं, मलाच येत नाही. किती वर्षं मला तसंच वाटायचं." तिनं हात खाली घेतले. "तुम्ही कधी एकदासुद्धा म्हणाला नाहीत, की अगं, तुझं चुकत नव्हतं."

ती उठून मशीनवर जाऊन बसली. मास्तरांना लाज वाटली. तिला तेव्हा काय वाटलं असेल हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायची हिंमत होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाना घेऊन गाडीपाशी गेले. शेजारच्या ब्रेकचा एक बोल्ट सैल केला, दुसरा सैल केला, आणि थोडा वेळ तसेच बसून दोन्ही परत घट्ट करून वर आले.

शर्यतीच्या दिवशी साडूभाऊंनी एक नवीन वस्तू आणली होती. रेसची खरीखुरी सीट, चहूबाजूंनी आवळणारी, कोणा सडपातळ माणसानं वापरून टाकलेली. ती वजनाला अगदी हलकी होती. ती चालकाच्या जागी बसवली गेली, पहिला अर्धा भाग चालवायला साडूभाऊ हेल्मेट घालून तिच्यात शिरले आणि अडकले. खाली जाईनात, वर येईनात. अध्यक्षांनी दाढ उपटायच्या अनुभवावर दोन्ही बगलांत हात घालून हिसका दिला, तेव्हा साडूभाऊ बाहेर आले, पण कंबर धरून. त्यांना एका टायरवर पालथं निजवण्यात आलं.

"माझी काळजी करू नका," ते पालथ्या पालथ्या म्हणाले. "गाडीचं वजन बघा."

त्यांच्या गोळ्या घरी राहिल्या होत्या, म्हणून मेहुणीबाई लगबगीनं त्या घेऊन आल्या आणि एकटीला मैदान सापडणार नाही म्हणून धाकट्या बहिणीला ओढून घेऊन आल्या. मास्तरांची बायको आली खरी, पण मैदानाकडे पाठ करून उभी राहिली. बोलल्याप्रमाणे ती बघायला आलेली नव्हती.

"दुसरा चालक नसेल तर गाडी बाद," अध्यक्ष म्हणाले. मास्तरांना वाईट वाटलं, आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

"मी चालवते," मागून आवाज आला. पाठ अजून मैदानाकडेच होती.

"वहिनी, लायसन्स लागतं हो त्याला."

"आहे माझ्याकडे." आता ती वळली.

"तुझ्याकडे?" मास्तरांचा आवाज चिरकला. "कधी काढलंस?"

"मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा. समोरच्या स्कूलमध्ये शिकले, त्या बाईंकडे."

समोरचं स्कूल म्हणजे मास्तरांच्या स्कूलच्या बरोबर समोरचं, रस्त्यापलीकडचं. त्याच्याबद्दल मास्तर इतकी वर्षं घरी नको नको ते बोलत आले होते. आत्ता त्यांना फक्त एक प्रश्न सुचला.

"त्यांच्या गाडीत नाही का शेजारी ब्रेक?"

"आहे की. पण त्या खिडकीतून बाहेर बघत बसायच्या."

"मग इतकी वर्षं चालवली का नाहीस?"

"कोणाची गाडी चालवू?" ती म्हणाली आणि त्या आवळ सीटमध्ये शिरली. तिला ती बरोबर बसली.

मास्तर शेजारी बसले. पट्टा लावला. शिट्टी झाली आणि गाड्या सुटल्या. मशीनवर कापड कुठं ढिलं सोडायचं आणि कुठं पळवायचं हे ज्या पायाला ठाऊक होतं, त्या पायानं ॲक्सिलरेटर दाबला. करपल्याचा वास सुटला. पोकळ गाडीत पत्रे थडथडायला लागले. पहिलं वळण समोर आलं, आणि गाडीनं आचका दिला.

तिनं फक्त एकदा शेजारी बघितलं, आणि मास्तरांनी ती नजर ओळखली. पोस्टासमोर चावी हातात ठेवताना तिनं असंच बघितलं होतं. आता गाडीला चावी नव्हती, पण आता ती थांबेल, बटण दाबेल, उतरेल आणि चालत घरी जाईल, आणि या खेपेला कायमची, हे मास्तरांना स्वच्छ दिसलं. वेगाची भीती त्या भीतीपुढं काहीच नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी उजवा पाय धरला, उचलला आणि स्वतःच्याच खाली दाबून त्याच्यावर बसले.

हेल्मेट घालून, एका पायाची मांडी घालून बसलेला माणूस वळणावळणाला दारावर आपटत होता. पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला. वीटभट्टीची चिमणी डावीकडून गेली, परत डावीकडून गेली. तिनं वकिलांच्या पोच्याच्या बाजूनं एक गाडी मागं टाकली. मास्तर ओरडत होते, पण त्यांत 'सावकाश' नव्हतं. काय होतं ते त्यांना नंतरही आठवलं नाही.

आणि मग पुढं असलेल्या अध्यक्षांच्या गाडीनं, परदेशी चाकांसकट, वळणावर गिरकी घेतली आणि ती आडवी झाली. बायकोनं ब्रेक दाबला. मागची सीट नाही, गालिचा नाही, काहीच नाही, अशी ती हलकी गाडी थांबायच्या ऐवजी घसरायला लागली.

"दाबा!" ती ओरडली. "तुमचा दाबा! आता दाबा!"

मास्तरांनी पाय ओढला. पाय निघेना. पट्टा घट्ट, गुडघा अडकलेला आणि खालचं सगळं बधिर. गाडी अध्यक्षांना चुकवून तशीच घसरत पुढं गेली आणि कडेच्या टायरांच्या ढिगात धप्पकन जाऊन बसली.

धूळ खाली बसली. तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

"दाबला नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

"मी सांगूनसुद्धा?"

"पाय अंगाखाली ठेवला होता. पहिल्या वळणापासून. मुद्दाम." मास्तर म्हणाले. "तुझं तेव्हा चुकत नव्हतं गं. पोस्टाच्या रस्त्यावर. एकदाही चुकलं नव्हतं."

तिनं हेल्मेट काढलं. त्यांच्याकडे बघितलं, त्या मुडपलेल्या पायाकडे बघितलं, आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग दार ढकलून उतरली, गाडीला वळसा घालून पुढं गेली आणि चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवला.

"आज पहिल्यांदा आपटले मी," ती म्हणाली. आवाजात केवढी ऐट होती.

मास्तरांना गाडी चालवायला मिळालीच नाही. ती त्यांना तशीच, टायरांतून ओढून, टेम्पोवर चढवून घरी आणावी लागली. येताना ती दोघं टेम्पोत शेजारी शेजारी बसली होती.

कंबर बरी झाल्यावर साडूभाऊ हातोडी घेऊन हजर झाले. पोचा आतून ठोकून काढू, वजनात फरक पडणार नाही, असं म्हणत ते पुढं झाले. मास्तर गाडीसमोर उभे राहिले.

"तो राहू दे," ते म्हणाले. "त्यापेक्षा हे घ्या." आणि शेजारचा ब्रेक सळईसकट काढून त्यांनी साडूभाऊंच्या काट्यावर ठेवला.

शिकायला येणारी मुलं आता कधीकधी मास्तरांच्या घराखाली उभी असलेली ती गाडी बघायला येतात. मास्तर त्यांना दारापासून सुरुवात करून सगळे पोचे दाखवतात. हा वकिलांचा. हा नर्सबाईंचा. हा वरचा मॅनेजरचा, तो कसा ते विचारू नका.

"आणि हा पुढचा, मोठा?"

"हा घरचा," मास्तर म्हणतात आणि रुमालानं त्याच्यावरची धूळ पुसतात.